साडेसातचे बातमीपत्र : पोलंडच्या दूरचित्रवाणीची चार दशके

सत्ता हाती आली की ती टिकविण्यासाठी राज्यकर्त्याला सैन्य लागते, खजिना लागतो आणि आपली बाजू घरोघरी पोहोचविणारा एक आवाज लागतो. पहिल्या दोन गोष्टींना लोकशाहीने बऱ्यापैकी वेसण घातली आहे. सैन्य घटनेच्या मर्यादेत राहते. खजिन्यातून खर्च करावयाचा तर संसदेची संमती घ्यावी लागते. तिसऱ्या गोष्टीला वेसण घालणे मात्र लोकशाहीला अद्याप नीट साधलेले नाही. लोकांच्या पैशातून चालणारी नभोवाणी आणि दूरचित्रवाणी लोकांची की सरकारची, हा वाद जवळजवळ प्रत्येक देशात आहे.

या वादाचा इतिहास पोलंडइतका बोलका क्वचितच कोठे सापडेल. पोलंड हा कॅथलिक परंपरेचा देश. आपल्या काळातील एका थोर संत पोपची, जॉन पॉल दुसरे यांची, ती मायभूमी. हुकूमशाहीच्या खोटेपणाविरुद्ध तेथील जनतेने जो लढा दिला, त्यात ख्रिस्तसभा अग्रभागी होती. पण त्याच देशात, हुकूमशाही जाऊन पंचवीस वर्षे उलटल्यावर, मतपेटीतून आलेल्या सरकारने सार्वजनिक दूरचित्रवाणीला पुन्हा आपल्या दावणीला बांधले. आणि या वेळी पडद्यावर श्रद्धावंतांची निंदा नव्हती, स्तुती होती. या दोन कालखंडांना जोडणारा दुवा म्हणजे रोज सायंकाळी साडेसातला लागणारे बातमीपत्र. राजवटी बदलल्या, पक्ष बदलले, बातमीपत्राचे नावही बदलले. वेळ मात्र तीच राहिली.

पडद्यावर न दिसलेली गर्दी

पोलंडमध्ये नभोवाणीचे नियमित प्रक्षेपण 1926 मध्ये आणि दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण 1952 मध्ये सुरू झाले. 1958 च्या पहिल्या दिवसापासून 'दूरचित्रवाणी दैनिक' या नावाचे बातमीपत्र सुरू झाले. साम्यवादी पक्षाच्या दृष्टीने वृत्तमाध्यमे ही पक्षाच्या कार्याचीच एक शाखा होती. 1970 नंतरच्या दशकात, एदवार्द ग्येरेक पक्षप्रमुख असताना, देशाच्या प्रगतीचे इतके गोडवे पडद्यावर गायिले गेले, की त्या काळाला लोकांनीच 'यशाचा प्रचार' असे उपहासाने नाव दिले. दुकानांसमोरील रांगा वाढत होत्या आणि पडद्यावर उत्पादनाचे आकडे वाढत होते.

छपाईच्या क्षेत्रात ख्रिस्तसभेने या खोटेपणाशी पूर्वीच टक्कर घेतली होती. क्राकूव येथून 1945 पासून निघणाऱ्या 'तिगोद्निक पोव्शेख्नी' या कॅथलिक साप्ताहिकाने मार्च 1953 मध्ये स्टॅलिनच्या मृत्यूनंतर त्याचा गौरवपर मृत्युलेख छापण्यास नकार दिला. परिणामी संपादक येझी तुरोविच आणि त्यांचे सहकारी यांच्याकडून साप्ताहिक काढून घेण्यात आले आणि सरकारला अनुकूल असलेल्या एका कॅथलिक गटाच्या हाती दिले गेले. 1956 च्या अखेरीस ते मूळ मंडळींना परत मिळाले. पुढे पोप झालेले कारोल वोय्तिवा हे या साप्ताहिकाचे लेखक होते. सरकारने ते बंद न करता 'आपल्या' कॅथलिकांच्या हवाली केले, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सत्तेला धर्माचे वावडे असतेच असे नाही. तिला धर्माचा आवाज आपल्या ताब्यात हवा असतो.

ऑक्टोबर 1978 मध्ये वोय्तिवा पोप झाले आणि जून 1979 मध्ये मायभूमीच्या पहिल्या यात्रेवर आले. 2 जून रोजी वॉर्सातील विजय चौकात त्यांनी अर्पण केलेल्या मिस्साला लाखो लोक लोटले. सरकारी दूरचित्रवाणीने हा सोहळा टाळला नाही. पण कॅमेऱ्यांनी विराट समुदाय दाखविण्याचे कटाक्षाने टाळले. पडद्यावर दिसले ते मुख्यतः धर्मगुरू, धर्मभगिनी आणि वृद्ध माणसे. जे लोक स्वतः त्या चौकात उभे होते, त्यांनी घरी परतल्यावर पडदा पाहिला आणि आपणच त्यात नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. आपण लाखोंनी आहोत आणि ही पेटी आपल्याला मूठभर दाखवीत आहे, ही जाणीव त्या यात्रेची एक मोठी देणगी होती.

या जाणिवेला वर्षभरात शब्दरूप आले. ऑगस्ट 1980 मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातील संपकऱ्यांनी ज्या एकवीस मागण्या फलकावर लिहिल्या, त्यांत स्वतंत्र कामगार संघटना आणि संपाचा हक्क यांच्या पाठोपाठ तिसरी मागणी होती अभिव्यक्ती आणि मुद्रण यांच्या स्वातंत्र्याची, आणि सर्व धर्मांच्या प्रतिनिधींना प्रसारमाध्यमे खुली करण्याची. वेतनवाढीची मागणी त्यानंतर येते. 31 ऑगस्टला करार झाला आणि 21 सप्टेंबर 1980 पासून वॉर्साच्या पवित्र क्रूस चर्चमधून रविवारची मिस्सा नभोवाणीवर प्रक्षेपित होऊ लागली. आजारी आणि वृद्ध श्रद्धावंतांना घरबसल्या ती ऐकता येऊ लागली. कामगारांच्या लढ्याने ख्रिस्तसभेला मिळवून दिलेले हे दान होते. ते केवळ कॅथलिकांसाठी मागितलेले नव्हते, 'सर्व धर्मांसाठी' मागितलेले होते, हेही विसरता कामा नये.

फिरावयास निघालेले गाव

13 डिसेंबर 1981. रविवारची सकाळ. मुलांचा आवडता कार्यक्रम पाहण्यासाठी पोलिश बालके दूरचित्रवाणी संचासमोर बसली, तेव्हा कार्यक्रम लागलाच नाही. त्याऐवजी गणवेशधारी जनरल वोय्चेख यारुझेल्स्की लष्करी कायदा पुकारल्याची घोषणा करताना दिसले. पाठोपाठ निवेदकही लष्करी गणवेशात पडद्यावर येऊ लागले. पत्रकारांची 'पडताळणी' सुरू झाली आणि अनेकांना नोकरीस मुकावे लागले. नट-नट्यांनी दूरचित्रवाणीवर बहिष्कार घातला आणि त्यासाठी आर्थिक झळ सोसली.

त्याच सायंकाळी आर्चबिशप यूझेफ ग्लेम्प यांनी प्रवचनातून लोकांना रक्तपात टाळण्याचे कळकळीचे आवाहन केले. मेंढपाळाच्या अंतःकरणातून आलेले ते शब्द होते. सरकारी माध्यमांनी त्या प्रवचनाचे अंश पुनःपुन्हा प्रक्षेपित केले. ज्या दूरचित्रवाणीला विजय चौकातील गर्दी दाखविणे नको होते, तिला आता ख्रिस्तसभेचे शब्द हवेहवेसे वाटू लागले. कारण त्या शब्दांतील शांततेचा भाग तिच्या उपयोगाचा होता. शब्द खरे होते, वक्ता प्रामाणिक होता. पण निवड करणारा हात सत्तेचा होता.

लुब्लिनजवळचे श्विद्निक हे विमान कारखान्याभोवती वसलेले छोटे कामगार शहर. 5 फेब्रुवारी 1982 पासून तेथील रहिवासी सायंकाळी साडेसातला, ऐन बातमीपत्राच्या वेळी, घराबाहेर पडून शांतपणे रस्त्यावर फिरू लागले. काहींनी आपले संच खिडकीत ठेवले आणि त्यांचे पडदे रस्त्याकडे केले. घोषणा नाहीत, फलक नाहीत, दगडफेक नाही. बातमीपत्राच्या वेळी फिरावयास जाणे हा कोणत्याही कायद्यान्वये गुन्हा होत नव्हता. अधिकाऱ्यांनी अखेर संचारबंदी सायंकाळी सातला आणली. तेव्हा लोक पाच वाजताच्या बातम्यांच्या वेळी फिरू लागले. ही रीत इतर गावांतही पसरली. 'दूरचित्रवाणी खोटे बोलते' ही अक्षरे ठिकठिकाणी भिंतींवर उमटत होती.

माध्यमांतून केलेल्या निंदेचा शेवट कोठे होऊ शकतो, हेही या काळाने दाखविले. फादर येझी पोपिएवुश्को वॉर्सात देशासाठी मासिक मिस्सा अर्पण करीत. सरकारचे प्रवक्ते येझी उर्बान यांनी सप्टेंबर 1984 मध्ये टोपणनावाने लेख लिहून या प्रवचनांना 'द्वेषाचे प्रयोग' असे हिणविले. 19 ऑक्टोबर 1984 रोजी गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यांनी फादरांचे अपहरण करून त्यांचा खून केला. 2010 मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले.

कायद्यातले स्वातंत्र्य

1989 मध्ये गोलमेज परिषद झाली, जूनमध्ये निवडणूक झाली आणि तादेऊश माझोव्येत्स्की हे कॅथलिक विचारवंत पंतप्रधान झाले. 17 नोव्हेंबरला जुने 'दूरचित्रवाणी दैनिक' शेवटचे दिसले. दुसऱ्या दिवशी, साडेसातलाच, 'बातम्या' एवढ्याच साध्या नावाचे नवे बातमीपत्र आले. त्या साधेपणात मोठा अर्थ होता. आता प्रचार नको, बातम्या हव्यात.

29 डिसेंबर 1992 रोजी नवा प्रसारण कायदा झाला. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या स्वतंत्र सार्वजनिक कंपन्या झाल्या. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी नऊ सदस्यांचे राष्ट्रीय प्रसारण मंडळ नेमण्यात आले. चार सदस्य कनिष्ठ सभागृह सेयमने, दोन सिनेटने आणि तीन राष्ट्राध्यक्षांनी नेमावयाचे. 1997 च्या राज्यघटनेने या मंडळाला घटनात्मक स्थान दिले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य व माहितीचा अधिकार यांचे रक्षण हे त्याचे कर्तव्य ठरविले. कार्यक्रमांनी ख्रिस्ती मूल्यव्यवस्थेचा आदर राखावा, अशी तरतूदही प्रसारण कायद्यात होती.

कागदावर सारे ठीक होते. पण मंडळावर माणसे नेमणारे अखेर पक्षच होते. लेक वालेसा हे तर स्वातंत्र्यलढ्याचे नायक. राष्ट्राध्यक्ष या नात्याने 1994 मध्ये त्यांनी आपल्याला न रुचणाऱ्या मंडळ-अध्यक्षाला दूर केले आणि त्यावरून मोठा वाद झाला. पुढे डाव्या पक्षांच्या राजवटीत त्यांच्या मर्जीतील मंडळींनी दूरचित्रवाणी चालविली. डिसेंबर 2002 मध्ये एका वृत्तपत्राने उघड केलेल्या 'रिविन प्रकरणा'त, माध्यमविषयक कायदा अनुकूल करून देण्यासाठी लाखो डॉलरांची लाच मागितली गेल्याचे देशाने वाचले. 2005 च्या अखेरीस उजव्या पक्षाने कायदा बदलून नऊ सदस्यांचे मंडळ पाचांवर आणले. मध्यममार्गी पक्षानेही हातभार लावला. 2008 मध्ये पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी दूरचित्रवाणीसाठी नागरिकांनी भरावयाच्या शुल्काची कालबाह्य म्हणून जाहीर संभावना केली आणि शुल्क भरणाऱ्यांची संख्या वेगाने घटली. नागरिकांचा पैसा आटला की दूरचित्रवाणीला सरकारी मदतीसाठी ओंजळ पसरावी लागते, आणि दात्याचा शब्द मोडणे याचकाला कठीण जाते.

थोडक्यात, 2015 मध्ये जे घडले ते अकस्मात घडले नाही. दार आधीच किलकिले होते. प्रत्येक पक्षाने ते आपल्यापुरते थोडे थोडे ढकलले होते.

आपली माणसे, आपली वाहिनी

ऑक्टोबर 2015 च्या निवडणुकीत 'कायदा आणि न्याय' या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. 30 डिसेंबरला सेयमने एक छोटेखानी माध्यम कायदा घाईघाईने संमत केला, 7 जानेवारी 2016 रोजी राष्ट्राध्यक्ष आन्द्झेय दुदा यांनी त्यावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी त्या पक्षाचे राजकारणी यात्सेक कुर्स्की दूरचित्रवाणीचे प्रमुख झाले. नेमणुकीचा अधिकार घटनात्मक प्रसारण मंडळाकडून काढून मंत्र्याकडे देण्यात आला होता. त्याच वर्षी 'राष्ट्रीय माध्यम परिषद' हे नवे मंडळ काढून तो तिच्याकडे सोपविण्यात आला. या परिषदेच्या पाच सदस्यांपैकी तिघे सत्तारूढ पक्षाचे होते. घटनात्मक मंडळाला अशा रीतीने डावलणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय घटना न्यायाधिकरणाने 13 डिसेंबर 2016 रोजी दिला. पण त्याने व्यवहारात काहीही बदलले नाही. दोनशेहून अधिक पत्रकारांना सार्वजनिक माध्यमे सोडावी लागली.

यानंतर साडेसातच्या बातमीपत्राचे स्वरूप पालटले. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या मजकुराच्या पट्ट्या सरकारची स्तुती आणि विरोधकांची निर्भर्त्सना यांनी भरल्या. विरोधी पक्ष म्हणजे परकीयांचे हस्तक, न्यायाधीश म्हणजे एक भ्रष्ट टोळी, निर्वासित म्हणजे संकट, असे चित्र रोज रंगविले गेले. 'वार्ताहर सीमामुक्त' या संघटनेच्या वृत्तस्वातंत्र्याच्या जागतिक क्रमवारीत पोलंड 2015 मध्ये 18 व्या स्थानी होता. 2022 मध्ये तो 66 व्या स्थानावर घसरला. संगीतही यातून सुटले नाही. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत सामान्यांना स्मशानबंदी असताना सत्तारूढ पक्षाच्या नेत्याने केलेल्या स्मशानभेटीवर बोट ठेवणारे एक गीत सार्वजनिक नभोवाणीच्या तिसऱ्या केंद्रावरील श्रोत्यांच्या पसंतीक्रमात पहिले आले. केंद्राने तो निकालच रद्द केला. अनेक दशके त्या केंद्राची ओळख बनलेले निवेदक राजीनामा देऊन गेले आणि त्यांच्यामागून श्रोतेही गेले.

येथे प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारला पाहिजे. अनेक श्रद्धावंतांना हे बातमीपत्र आवडत होते, ते का? एक कारण उघड आहे. या सरकारने 2016 पासून मुलांच्या संगोपनासाठी दरमहा 500 झ्लोटींचे अनुदान दिले, आणि खेड्यापाड्यांतील ज्या कुटुंबांकडे आधीच्या सरकारांनी पाठ फिरविली होती, त्यांना प्रथमच आपली दखल घेतली गेल्यासारखे वाटले. त्या पक्षाचे यश केवळ प्रचाराचे फळ होते, असे म्हणणे त्या मतदारांवर अन्याय करणारे ठरेल. दुसरे कारण नाजूक आहे. पडद्यावर आता क्रूस सन्मानाने दिसत होता, संत जॉन पॉल यांचे स्मरण होत होते, कुटुंबसंस्थेचा गौरव होत होता. ज्या पिढीने 1979 चा तो खोटा पडदा पाहिला होता, तिला हा न्याय वाटला असेल तर नवल नाही. पण त्याच पडद्यावर, त्याच अर्ध्या तासात, शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष दिली जात होती.

स्तुतीने ख्रिस्तसभेचे भलेही झाले नाही. मे 2019 मध्ये धर्मगुरूंकडून बालकांच्या झालेल्या लैंगिक शोषणावरचा एक माहितीपट प्रसिद्ध झाला आणि त्याने सारा देश हादरला. तो काढला होता सेकिएल्स्की बंधूंनी, लोकवर्गणी जमवून, आणि प्रदर्शित केला होता महाजालावर. पोलंडचे धर्माध्यक्षप्रमुख आर्चबिशप वोय्चेख पोलाक यांनी चित्रपटकारांच्या धैर्याबद्दल त्यांचे आभार मानले. ख्रिस्तसभेला स्वतःची जखम पाहण्यास साहाय्य केले ते तिचे गोडवे न गाणाऱ्यांनी.

ग्दान्स्कचे महापौर

पावेल आदामोविच हे 1998 पासून ग्दान्स्कचे महापौर होते. ज्या शहरात तिसरी मागणी लिहिली गेली, तेच हे शहर. ते कॅथलिक होते आणि निर्वासितांना शहरात स्थान द्यावे, या मताचे होते. सार्वजनिक दूरचित्रवाणीने त्यांना वारंवार लक्ष्य केले. 13 जानेवारी 2019 रोजी, रुग्णालयांसाठी निधी जमविणाऱ्या वार्षिक धर्मादाय सोहळ्याच्या व्यासपीठावर, हजारो लोकांसमोर, एका इसमाने त्यांना भोसकले. दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. त्या धर्मादाय उपक्रमाच्या प्रमुखाची टवाळी करणारा एक व्यंगचित्रपट सार्वजनिक वाहिनीने तीनच दिवसांपूर्वी दाखविला होता.

मारेकरी नुकताच तुरुंगातून सुटला होता. त्याच्या मनःस्थितीविषयी न्यायालयात दीर्घ चर्चा झाली आणि 2023 मध्ये त्याला जन्मठेप झाली. हा खून दूरचित्रवाणीने घडविला, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण ज्या समाजात रोज सायंकाळी माणसांना देशद्रोही ठरविले जाते, त्या समाजाच्या श्वासात काय मिसळते, हा प्रश्न टाळताही येत नाही. ग्दान्स्कच्या संत मारिया बासिलिकात झालेल्या अंत्यविधीच्या वेळी तो प्रश्न कोणा राजकारण्याने मांडला नाही. मांडला तो एका ज्येष्ठ डोमिनिकन धर्मगुरूने. साम्यवादी काळात विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक असलेले फादर लुद्विक विश्न्येव्स्की यांनी द्वेष, तिरस्कार आणि निराधार आरोप यांची भाषा आता थांबलीच पाहिजे, असे ठणकावून सांगितले. लोक उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजत राहिल्या.

सुटका की नवा ताबा?

2020 च्या आरंभी सार्वजनिक माध्यमांना सरकारी तिजोरीतून जवळजवळ 2 अब्ज झ्लोटी देण्याचा कायदा झाला. हा पैसा कर्करोगाच्या उपचारासाठी द्यावा, ही विरोधकांची मागणी फेटाळण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये दुदा 51.03 टक्के मते मिळवून पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांनी आपल्या अहवालात नमूद केले, की सार्वजनिक दूरचित्रवाणीने निःपक्षपातीपणाचे कायदेशीर कर्तव्य पाळले नाही आणि ती विद्यमान राष्ट्राध्यक्षांच्या प्रचाराचे साधन झाली. मतदान मुक्त होते, मोजणी झाली होती. पण मतदार ज्या माहितीवर निर्णय घेतो, तिचे माप एका बाजूला झुकलेले होते. लोकशाहीची घसरण आता अशीच होते. रणगाडे येत नाहीत, निवेदक गणवेश घालीत नाहीत. निवडणुका वेळेवर होतात.

तरीही प्रचार सर्वशक्तिमान नसतो. 15 ऑक्टोबर 2023 च्या निवडणुकीत 74 टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले. 1989 च्या ऐतिहासिक निवडणुकीपेक्षाही हे प्रमाण अधिक होते. सत्तारूढ पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण बहुमत गमावून बसला. डोनाल्ड टुस्क यांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली तो दिवस होता 13 डिसेंबर, लष्करी कायद्याचा स्मरणदिन.

पुढे जे झाले, त्याने या कहाणीचा शेवट गोड होऊ दिला नाही. जुन्या सरकारने निर्माण केलेली माध्यम परिषद जागेवर होती आणि कायदा बदलावा तर राष्ट्राध्यक्षांची सही मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा सेयमने 19 डिसेंबरला केवळ एक ठराव केला आणि संस्कृतिमंत्र्यांनी कंपनी कायद्याचा आधार घेऊन सार्वजनिक माध्यमांच्या संचालकांना दूर केले. 20 डिसेंबरला वृत्तवाहिनीचे प्रक्षेपण मध्येच बंद पडले. पराभूत पक्षाचे खासदार कार्यालयात ठाण मांडून बसले. दुसऱ्या दिवशी नवे बातमीपत्र आले. त्याचे नाव होते '19.30', म्हणजे केवळ वेळ. राष्ट्राध्यक्षांनी निधी रोखला, तेव्हा 27 डिसेंबरला या कंपन्यांच्या विसर्जनाची कायदेशीर प्रक्रिया सुरू करण्यात आली. हे सारे वैध की अवैध, यावर न्यायालयांतही एकमत झाले नाही. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या हेलसिंकी प्रतिष्ठानाने, जे जुन्या सरकारचेही टीकाकार होते, या मार्गाविषयी शंका व्यक्त केली. दुसरीकडे, जुन्या बातमीपत्राचे बरेच प्रेक्षक एका खाजगी वाहिनीकडे वळले. आता देशाचे दोन भाग सायंकाळी दोन निराळ्या देशांच्या बातम्या पाहतात.

हीच या इतिहासातील खरी हानी आहे. प्रमुख बदलता येतो, कायदा दुरुस्त करता येतो. पण दोन्ही बाजूंचा विश्वास असलेले एक बातमीपत्र मोडले की ते पुन्हा उभारण्यास पिढी लागते. घटना मोडून घेतलेली वस्तू घटना पाळून परत कशी घ्यावयाची, या कोड्याचे समाधानकारक उत्तर पोलंडला सापडलेले नाही. ऑगस्ट 2025 पासून लागू झालेला युरोपीय माध्यम स्वातंत्र्य कायदा सार्वजनिक माध्यमांच्या प्रमुखांची नेमणूक पारदर्शक असावी आणि त्यांचा निधी पुरेसा व स्थिर असावा, असे सांगतो. त्याचे पालन करण्याची इच्छा मात्र कायद्यातून येत नाही.

आठवी आज्ञा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी समाजसंपर्क माध्यमांवरील आदेशपत्रात माहिती मिळण्याचा समाजाचा हक्क मान्य केला आणि माहिती सत्य व न्याय्य असावी, असा दंडक घातला. 1991 च्या परिपत्रकात पोप जॉन पॉल यांनी इशारा दिला, की मूल्ये गमावलेली लोकशाही उघड किंवा छुप्या हुकूमशाहीकडे वळते. यातील 'मूल्ये' या शब्दाचा अर्थ अनेकांनी सोयीस्करपणे लावला. ख्रिस्ती मूल्यांचा आदर राखा, असे पोलंडचा कायदा सांगत होता. पण आठवी आज्ञा हेही त्या मूल्यांपैकीच एक आहे, याचे स्मरण फार थोड्यांना राहिले. ती आज्ञा आपल्या विरोधकालाही संरक्षण देते.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात आकाशवाणीचा जो वापर झाला, त्यावर नंतरच्या सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये संमत झाला आणि अमलात येण्यास 1997 उजाडले. दरम्यान 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्या निकालाचे एक लेखक न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी न्यायविद होते, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. कायदा आपल्याकडेही आहे. त्यात प्राण भरण्याचे काम कोणा न्यायाधीशाचे नाही, ऐकणाऱ्यांचे आहे.

अल्पसंख्य समाज म्हणून आपली एक विशेष जबाबदारी आहे. आपल्याविरुद्ध काही खोटे छापून आले किंवा दाखविले गेले, की आपण व्यथित होतो, निवेदने देतो. ते योग्यच आहे. पण दुसऱ्या समाजाविषयी, दुसऱ्या पक्षाविषयी, आपल्याला न आवडणाऱ्या माणसाविषयी खोटे दाखविले जाते, तेव्हा आपण काय करतो? श्विद्निकच्या कामगारांना घराबाहेर पडणे तुलनेने सोपे होते, कारण ते बातमीपत्र त्यांची निंदा करीत होते. 2016 नंतरच्या श्रद्धावंत पोलिश माणसाची कसोटी अधिक कठीण होती. त्याला आपल्या स्तुतीकडे पाठ फिरवून फिरावयास निघावे लागणार होते. काहीजण निघाले. 'तिगोद्निक पोव्शेख्नी'ने आपली टीका सोडली नाही, फादर विश्न्येव्स्की बोलले. बहुसंख्य मात्र संचासमोर बसून राहिले, आणि त्या बसण्यात देशाची आठ वर्षे गेली.